व्हर्जिनियाच्या लाउडन काउंटीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र: इमर्जन्सीच्या नाईन-वन-वनला फोन केल्यावर येणारी माणसं

नमस्कार मंडळी,

अ‍ॅशबर्न, ब्रॅम्बल्टन, साउथ रायडिंग, स्टर्लिंग, लीसबर्ग, आपण जिथे कुठे विखुरलोय तिथल्या सगळ्यांना. गणपतीत, कोजागिरीला, मुलांच्या शाळेच्या पार्किंगमध्ये आपली भेट होतेच, पण हे बोलायला तिथे निवांत वेळ मिळत नाही म्हणून लिहितेय.

मागच्या दिवाळीत एकीकडे फराळाला जमलो होतो. मी इथल्या एका रेस्क्यू स्क्वॉडमध्ये आठवड्यातून एक रात्र अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्यूटी करते हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीये. तर एका काकूंनी विचारलं, "किती पैसे देतात गं तुला?" मी म्हटलं काहीच नाही, मी व्हॉलंटिअर आहे. त्यावर शेजारी बसलेला एक जण चकलीचा हात तसाच धरून म्हणाला, "म्हणजे मागच्या वर्षी आमच्या आईला घेऊन गेले ते पण?" मी म्हटलं रात्रीची वेळ आणि आमच्या बाजूचं स्टेशन असेल तर बहुतेक हो. तो गप्पच झाला एकदम. त्याला वाटत होतं की टॅक्स भरतो, म्हणजे हे सगळे पगारी लोक असणार. चूक त्याची नाही, मलाही अनेक वर्षं असंच वाटत होतं.

मला कधी कळलं ते सांगते. सात वर्षांपूर्वी माझे बाबा कराडहून सहा महिन्यांसाठी आले होते. एका सकाळी नवरा वरच्या खोलीत घरून काम करत होता, मी ऑफिसला होते, आणि बाबा जिन्यात बसून राहिले. घाम आलेला, डावा खांदा दुखतोय. म्हणाले पित्त झालंय, थोडा आलेपाक दे. आई घाबरली आणि तिने मला फोन केला, माझा फोन मीटिंगमध्ये सायलेंटवर. मग माझ्या बहिणीला पुण्यात फोन केला, तिकडे रात्र. जावई वरच आहे पण त्याचा कॉल चालू आहे, त्याला कशाला डिस्टर्ब करायचं, म्हणून ती थांबली. अशी वीस-पंचवीस मिनिटं गेली. शेवटी नवरा पाणी प्यायला खाली आला, बाबांकडे बघून त्याने लगेच नाईन-वन-वन लावला.

अ‍ॅम्ब्युलन्स आली, मागोमाग मोठं फायर इंजिनही आलं (हे बघून आई आणखी घाबरली, तिला वाटलं घराला आग लागली काय). चार-पाच जणांनी आमच्या छोट्या लिव्हिंग रूममध्ये सोफा सरकवून जागा केली, छातीला वायरी लावून तिथल्या तिथे इसीजी काढला आणि तो हॉस्पिटलला पुढे पाठवला, त्यामुळे बाबा पोचले तेव्हा तिथली टीम तयार होती. बाबा वाचले. आज कराडला रोज सकाळी कृष्णेच्या काठाने फिरायला जातात आणि फोनवर दर वेळी विचारतात, ती उंच मुलगी काय करते आता? ती उंच मुलगी म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्यांचा हात धरून बसलेली व्हॉलंटिअर. दोन आठवड्यांनी मी आभार मानायला लाडवाचा डबा घेऊन स्टेशनवर गेले तेव्हा कळलं की ती शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी इथे ड्यूटी करते. तिने डबा घेतला आणि मलाच विचारलं, तू येतेस का? पुढच्या सेमिस्टरला मी ईएमटीच्या, म्हणजे पेशंटवर जागेवर पहिले उपचार करणाऱ्यांच्या, वर्गात होते.

आता थोडं ही व्यवस्था कशी चालते ते, कारण आपल्याकडचा अनुभव वेगळा आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ आहे, ती राज्याची योजना. व्हर्जिनियात हे काम काउंटीचं. आपल्या काउंटीत फायर आणि रेस्क्यूची एकच सिस्टिम आहे, त्यात दोन प्रकारचे लोक एकत्र काम करतात: काउंटीचे पगारी कर्मचारी, आणि डझनाहून जास्त व्हॉलंटिअर कंपन्या. यातल्या कित्येक कंपन्या काउंटीच्या पगारी खात्यापेक्षा जुन्या आहेत, शेजाऱ्यांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या, स्वतःचं बोर्ड, स्वतःचं खातं, काहींची तर इमारतही स्वतःची. अ‍ॅशबर्नची व्हॉलंटिअर कंपनी १९४४ ची आहे, तेव्हा इथे डेटा सेंटर सोडा, धड रस्ते नव्हते, गाईगुरं होती.

आणि रेस्क्यू स्क्वॉड ही कल्पनाच व्हर्जिनियातली आहे हे मला स्वतःला फार आवडतं. रोअ‍ॅनोक शहरात ज्युलियन वाइज नावाचा मुलगा नऊ वर्षांचा असताना, १९०९ मध्ये, त्याच्या डोळ्यांसमोर नदीत होडी उलटून दोन माणसं बुडाली. काठावर लोक उभे होते, कोणाला काही करता आलं नाही. मोठा झाल्यावर तो रेल्वेत नोकरीला लागला आणि १९२८ मध्ये त्याने सोबतच्या काही जणांना घेऊन देशातलं पहिलं व्हॉलंटिअर रेस्क्यू स्क्वॉड सुरू केलं. नाईन-वन-वन तर त्यानंतर चाळीस वर्षांनी आला, अलाबामातल्या हेलीव्हिल गावात पहिला कॉल लागला १६ फेब्रुवारी १९६८ ला.

मग काउंटी काय करते? बरंच करते, आणि हे नीट समजून घ्यायला हवं कारण पुढे मी जे मागणारे ते याच्यावरच आहे. तुमचा कॉल उचलणारं सेंटर काउंटीचं. रेडिओ काउंटीचे. ट्रेनिंगची अ‍ॅकॅडमी काउंटीची, मी ईएमटी झाले त्याला दीडशे तासांच्या वर शिक्षण लागलं आणि फी माझ्या खिशातून गेली नाही. दिवसा व्हॉलंटिअर नोकरीवर असतात म्हणून स्टेशनांवर पगारी माणसं काउंटी ठेवते. व्हॉलंटिअर कंपन्यांना दर वर्षी बजेटमधून ठराविक रक्कम मिळते, तिच्यात विमा, डिझेल, दुरुस्ती, गिअर हे बघायचं. बाकी कंपनीने स्वतः उभं करायचं. तुमच्या मेलबॉक्सला वर्षातून एकदा फायर कंपनीचं देणगीचं पत्र येतं ना, जे आपण पिझ्झाच्या कुपनांबरोबर रिसायकलमध्ये टाकतो, ते त्यासाठी असतं. फायर इंजिन आता दहा लाख डॉलरच्या घरात गेलंय आणि ऑर्डर दिल्यावर हातात यायला काही वर्षं लागतात, म्हणजे आज जे ठरत नाही ते २०३० च्या आसपास कमी पडतं.

तुम्ही आधीच थोडे पैसे देताय, फक्त माहीत नाही. गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करताना त्यात ४.२५ डॉलर इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिससाठी असतात, त्याला फोर-फॉर-लाइफ म्हणतात. त्यातल्या चार डॉलरचे २६ टक्के ती गाडी जिथली असेल त्या काउंटीला किंवा शहराला परत येतात, म्हणजे एका गाडीमागे एक डॉलर चार सेंटच्या आसपास. तुमच्या घराच्या विम्याच्या हप्त्यातूनही राज्य सरकारचा फायरसाठीचा एक टक्का जातो, त्यातला मोठा भाग काउंट्या आणि गावांना वाटला जातो. या दोन्ही चांगल्या योजना आहेत पण एवढ्यात स्टेशन चालत नाही. खरा पैसा काउंटीच्या बजेटमधून येतो, आणि ते बजेट नऊ माणसं ठरवतात, बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, आठ डिस्ट्रिक्टचे आठ आणि सगळ्या काउंटीने निवडलेला एक अध्यक्ष.

आता आपल्या काउंटीची वाढ बघा. १९९० मध्ये लोकसंख्या ८६ हजार, २०२० च्या जनगणनेत ४ लाख २० हजार. तीस वर्षांत जवळपास पाचपट! त्यात आपण सगळे आलो, आपले आईवडील येऊन-जाऊन असतात ते तर मोजलेच जात नाहीत. पूर्वेकडे टाउनहाउस दाटीवाटीने, पश्चिमेला अजून शेतं आणि डोंगर, तिथे कित्येक ठिकाणी हायड्रंट नाही, पाणी टँकरने न्यावं लागतं, म्हणजे एका घराच्या आगीला चार-पाच स्टेशनांची माणसं लागतात. कॉल वाढत चाललेत आणि व्हॉलंटिअर तेवढे वाढत नाहीत. हे फक्त इथलं नाही. अख्ख्या देशात १९८४ मध्ये जवळपास ९ लाख व्हॉलंटिअर फायरफायटर होते, २०२० मध्ये ६ लाख ७७ हजारांच्या आसपास, आणि साधारण तेवढ्याच काळात फायर डिपार्टमेंटचे कॉल तिपटीच्या घरात गेले. दोघंही नोकरी करणारी घरं, लांबचा प्रवास, वाढलेले ट्रेनिंगचे तास, कारणं सगळी खरी आहेत, मी स्वतः दर वर्षी जूनमध्ये रिसर्टिफिकेशनचे तास मोजत बसते.

आणि हे काम जोखमीचं आहे हे आपण विसरतो. १६ फेब्रुवारी २०२४, शुक्रवारची संध्याकाळ, स्टर्लिंगमध्ये एका घरात गॅसचा वास येतोय म्हणून कॉल गेला. जमिनीखालची ५०० गॅलनची प्रोपेन टाकी लीक होत होती. फायरफायटर घरात शिरलेले असतानाच स्फोट झाला, घर उरलंच नाही. स्टर्लिंगच्या व्हॉलंटिअर कंपनीतला एक फायरफायटर गेला, त्याचे अनेक सहकारी जखमी झाले. व्हॉलंटिअर होता तो. पगार नाही, शुक्रवारची संध्याकाळ, दुसऱ्याचं घर. त्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेणबत्त्यांचे इमोजी आले, कोणीतरी बातमीची लिंक टाकली, आणि मग परत मसाल्याची ऑर्डर सुरू झाली. मी कोणाला दोष देत नाहीये, मला फक्त त्या रात्री फार एकटं वाटलं, कारण ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं होती आणि तो युनिफॉर्म घालणारी त्यात मी एकटीच.

मी सहा वर्षांत आपल्या लोकांच्या घरी बऱ्याचदा गेलेय. कोणाचं घर ओळखू येईल असं काही लिहिणार नाही, पण जे पुन्हा पुन्हा दिसतं ते सांगते. आजी-आजोबा दुपारी घरी एकटे असतात आणि त्यांना घराचा पत्ता इंग्रजीत सांगता येत नाही. त्यांच्या फोनमध्ये इथलं सिमच नाही, फक्त वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून नाईन-वन-वन लागत नाही, तो फोनच्या साध्या डायलवरूनच लावावा लागतो. गोळ्या स्टीलच्या डब्यात, पाकिटं फेकून दिलेली, मग ती पांढरी गोळी बीपीची की शुगरची हे कोणाला सांगता येत नाही. छातीत दुखतंय असं कोणी म्हणतच नाही, जडजड वाटतंय, गॅस झालाय, पित्त उसळलंय. आणि सगळ्यात जास्त वेळा: आधी मुलाला फोन, मग मुलीला, मग ओळखीच्या डॉक्टरला, आणि शेवटी आम्हाला. ज्याचं हृदय बंद पडलंय त्याच्या वाचण्याची शक्यता, छाती दाबायला कोणी नसेल तर, दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. म्हणून पहिला फोन नाईन-वन-वन. मुलाला नंतर सांगा, तो रागावणार नाही.

लोक बिलाला घाबरतात हेही मला माहितीये, विशेषतः व्हिजिटर इन्शुरन्सवर आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत. काउंटीचा ट्रान्सपोर्टच्या बिलाचा वेगळा प्रोग्राम आहे, त्याची माहिती काउंटीच्या साइटवर आहे, आजच शांतपणे वाचून ठेवा. माणूस जिन्यात बसलेला असताना तो हिशोब करायचा नाही. आणि आम्ही घरी आलो, तपासलं, म्हणजे लगेच उचलून नेलं असं होत नाही, पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला विचारल्याशिवाय आम्ही नेत नाही.

फ्रिजवर एक कागद लावा: घराचा पत्ता इंग्रजीत आणि मराठीत, औषधांची नावं, कशाची अ‍ॅलर्जी आहे, आधी कुठलं ऑपरेशन झालंय. इंग्रजी येत नसेल तर फोनवर फक्त "मराठी" म्हणा, सेंटरला दुभाषा जोडता येतो. फोनवरची व्यक्ती प्रश्न विचारतेय म्हणजे उशीर करतेय असं नाही, पत्ता आणि काय झालंय ते कळलं की विचारणं चालू असतानाच गाडी निघते. गॅसचा वास आला तर आपल्या सवयीप्रमाणे खिडक्या उघडत, बटणं दाबत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, लांब जा आणि मग फोन करा. दाराबाहेरचा दिवा लावा, घराचा नंबर दिसेल असा ठेवा, रात्री दोन वाजता एकसारख्या चाळीस टाउनहाउसमधून एक शोधताना आमचा वेळ त्यातच जातो.

आता मागणी.

दर वर्षी फेब्रुवारीत काउंटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बजेटचा मसुदा मांडतात, त्यानंतर लोकांची मतं ऐकायला पब्लिक हिअरिंग होतात, एप्रिलमध्ये बोर्ड बजेट मंजूर करतं आणि १ जुलैपासून ते लागू. शाळांच्या बजेटला आपण जातो, मागे शाळेच्या हद्दी बदलल्या तेव्हा तर आपल्या लोकांनी लाल टी-शर्ट घालून हॉल भरला होता, मीही होते त्यात. फायर-रेस्क्यूच्या वेळी बोलायला कोण असतं माहितीये? फायर-रेस्क्यूचेच लोक. सुपरवायझर ऐकतात, मान डोलावतात, पण ज्यांच्या घरी आम्ही जातो ते लोक समोर दिसत नाहीत. दिवसाच्या स्टाफिंगचा प्रश्न, जुन्या स्टेशनांच्या दुरुस्तीचा, अ‍ॅम्ब्युलन्स बदलण्याचा, व्हॉलंटिअरना टिकवून ठेवायला जे काही देता येईल त्याचा, हे सगळं आमच्या तोंडून ऐकताना ते खात्याची मागणी म्हणून ऐकतात. तुमच्या तोंडून ऐकलं तर ते मतदाराचं म्हणणं होतं. दोन-तीन मिनिटं मिळतात. माझ्या आईला मागच्या वर्षी घेऊन गेले, अमुक मिनिटांत आले, आमच्या भागात दुसरी अ‍ॅम्ब्युलन्स हवी, एवढं बोललात तरी चालेल. इंग्रजी कसं का असेना. सिटिझन नसाल तरी बोलता येतं, तुम्ही इथे राहता, टॅक्स भरता. मे आणि ऑक्टोबरमध्ये गाडीच्या टॅक्सचं बिल भरताना आपण सगळे चिडतो, मग तो पैसा कुठे जावा हे सांगायला फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला हवं ना. ज्यांना मत आहे त्यांनी नोव्हेंबरच्या बॅलटवर सगळ्यात खाली बॉन्डचा, म्हणजे बांधकामासाठी काउंटीने कर्ज काढावं का असा, प्रश्न असतो तोही वाचा, फायर स्टेशनं बऱ्याचदा त्यातून बांधली जातात, लोक उमेदवारांची नावं भरून तो भाग रिकामा सोडून येतात.

आणि ज्यांना जमेल त्यांनी या. खरंच या. आग विझवायलाच हवं असं नाही, ईएमटी व्हा, तेही नको असेल तर स्टेशनला हिशोब बघणारे, वेबसाइट सांभाळणारे, देणगीची पत्रं पाठवणारे लोक हवे असतात, आणि आपल्या लोकांना स्प्रेडशीट येत नाही असं कोणी म्हणू शकत नाही. व्हर्जिनियात सोळाव्या वर्षापासून ईएमटी होता येतं, कॉलेजच्या अर्जासाठी मुलांना कुठेतरी दहा तास व्हॉलंटिअर करायला पाठवतो त्यापेक्षा हे शिक्षण आयुष्यभर पुरेल. व्हॉलंटिअरच्या एका गाडीला काउंटी अगदी कमी दराने टॅक्स लावते, बरीच वर्षं सेवा केली तर एक छोटी पेन्शनसारखी योजनाही आहे. व्हिसावर असाल तर असे फायदे घेण्याआधी वकिलाला विचारा आणि कंपनीच्या मेंबरशिप ऑफिसरशी मोकळेपणाने बोला, घरी बसलेल्या कित्येक हुशार बायका मला विचारतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

मला तिथे मराठी माणूस का हवाय ते एका रात्रीवरून सांगते. एका घरी आजी जमिनीवर पडल्या होत्या, खुब्यात दुखत होतं, घरचे सगळे इंग्रजीत बोलत होते आणि त्या कोणाला हात लावू देत नव्हत्या. मी खाली बसले आणि म्हटलं, आजी, कुठं दुखतंय, मला दाखवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "अगंबाई, तू आपली आहेस होय," म्हणाल्या, आणि लहान मुलासारख्या रडायला लागल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, आदल्या दिवशी पण चक्कर आली होती पण सुनेला त्रास नको म्हणून बोलल्या नव्हत्या. ती चक्कर हॉस्पिटलला कळणं फार महत्त्वाचं होतं. माझी ड्यूटी आठवड्यातून एक रात्र असते. बाकीच्या सहा रात्री ती आजी कोणाला सांगणार?

डिसेंबरमध्ये सांताला घेऊन आमचा ट्रक कॉलनीत फिरतो, तुम्ही मुलांना घेऊन बाहेर येता, फोटो काढता, तेव्हा ट्रकवरच्या लोकांशी दोन शब्द बोला, नाव विचारा. संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाने मला एक तास दिला तर मी सीपीआरचा पुतळा घेऊन येते, तिळगूळ खाऊन झाला की सगळ्यांनी, विशेषतः आलेल्या आईवडिलांनी, दोन मिनिटं छाती दाबून बघायची: जोरात, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. घरी दुसरं कोणी नसतं तेव्हा बहुतेक वेळा आईवडिलांपैकीच एक दुसऱ्यासाठी असतो.

हिअरिंगच्या तारखा जाहीर झाल्या की मी ग्रुपवर टाकेन. लीसबर्गला हॅरिसन स्ट्रीटवर काउंटीची बिल्डिंग आहे, मी माझ्या गाडीत चौघांना नेऊ शकते. मागच्या वर्षी मी एकटी गेले होते, या वेळी निदान वीस जण तरी हवेत. कोण कोण येतंय ते याच्याखाली लिहा, नाव आणि कुठून निघणार एवढंच पुरे.

तुमची,
मंगळवारच्या रात्रीची ईएमटी, ब्रॅम्बल्टन